हडंबा येण्यापूर्वीचे सहा आठवडे

सेलू तालुक्यातील एका खेड्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "आमच्या मालकांच्या तोंडावर, मानेवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला तीन वर्षांपासून खाज सुटते. पावसाळ्यात ती फार वाढते, कातडी जाड आणि काळी पडली आहे. गावात येणारे डॉक्टर एक सुई देतात, दोन दिवसांत उतरते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आमच्या अकरा वर्षांच्या लेकराला सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका येतात, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत रात्री खोकल्याची उबळ येऊन छातीत शिट्टी वाजते. मागच्या दिवाळीत त्यालाही दोन सुया द्याव्या लागल्या. आत्याबाई म्हणतात, दही आणि केळी बंद करा. तालुक्याच्या लॅबवाल्यांनी रक्ताच्या तपासणीचे पॅकेज सांगितले आहे, पाच हजारांचे. मला स्वतःला अधूनमधून अंगावर पित्त उठते, ते वेगळेच. ॲलर्जी मुळापासून जाते का, आणि आम्ही आधी काय करावे?"

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. ॲलर्जीची प्रवृत्ती शरीरात असते आणि ती एखाद्या औषधाने धुऊन निघत नाही. जो कोणी मुळापासून घालवण्याची हमी देतो त्याच्यापासून लांब राहावे. परंतु ती इतकी आटोक्यात ठेवता येते की तुमच्या मुलाची शाळा बुडणार नाही आणि यजमानांना रात्रीची झोप लागेल, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या घरात एक ॲलर्जी नसून तिघांच्या तीन वेगवेगळ्या ॲलर्जी आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. तरी यजमान आणि लेकरू दोघांना सुईच दिली जाते, ही खरी अडचण आहे.

त्या सुईबद्दल आधी सविस्तर लिहितो, कारण मला तिचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. दोन दिवसांत खाज, शिंका आणि दम हे सगळे एकदम उतरवणारे जे इंजेक्शन खेड्यापाड्यांत दिले जाते, ते बहुधा स्टेरॉइड असते, डेक्सामेथासोन किंवा महिनाभर अंगात राहणारा 'डेपो'चा प्रकार. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. जीव धोक्यात असताना ते जीव वाचवते. पण दर पंधरा दिवसांनी, कारण न शोधता, वर्षानुवर्षे ते घेत राहिल्यास रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो, आणि वाढत्या वयाच्या मुलांची उंची खुंटू शकते. माझ्या वडिलांना तुमच्या यजमानांसारखाच त्रास होता. मृग निघाला की त्यांची मान सुजायची आणि बाजाराच्या दिवशी ते एक सुई टोचून यायचे. घरातील आम्हां सर्वांना तो डॉक्टर देवमाणूस वाटत असे. पुढे वडिलांना मधुमेह निघाला आणि पासष्टीच्या आतच घराच्या उंबऱ्याला अडखळून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. सगळा दोष सुईचाच होता असे मी म्हणत नाही, पण त्या सगळ्या वर्षांत ते रोज ज्या गवतात बसून खुरपत होते त्याकडे कोणीही बोट दाखवले नाही, याचे दुःख मला आजही आहे.

एक सूचना मात्र काळजीपूर्वक वाचावी. तुमचे यजमान सुईशिवाय रोज एखादी पांढरी बारीक गोळीही घेत असतील, तर ती एकदम बंद करू नये. बरेच आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाले की शरीर स्वतःचे स्टेरॉइड तयार करण्याचे काम मंदावते, आणि गोळी अचानक थांबली तर अशक्तपणा, उलट्या आणि रक्तदाब उतरणे असे गंभीर प्रकार घडतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

आता यजमानांच्या त्वचेविषयी. तुम्ही वर्णन केलेले चित्र काँग्रेस गवताच्या, म्हणजेच गाजर गवताच्या ॲलर्जीशी फार जुळते. हे गवत आपले नाही. अमेरिका खंडातून आलेले हे तण 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम ठळकपणे लक्षात आले आणि पुढे ते देशभर पसरले; आज आपल्याकडे धुऱ्यावर, आखाड्याभोवती, शाळेच्या मैदानात आणि स्मशानाच्या वाटेवरसुद्धा ते असते. त्याच्या पानांवरील आणि देठांवरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे रसायन असते. वाळलेल्या झाडाचा चुराही हवेतून उडून तोंडावर बसतो, त्यामुळे गवताला हात लावला नाही तरी त्रास होतो. अनेकांना हा उन्हाचा चट्टा वाटतो. तो ओळखण्याची एक खूण सांगतो. यजमानांना उजेडात बसवून त्यांच्या वरच्या पापण्या, कानांच्या मागची जागा आणि हनुवटीखालचा भाग पाहा. उन्हाच्या त्रासात या सावलीच्या जागा बहुधा सुटतात. हवेतून येणाऱ्या गवताच्या चुऱ्याने मात्र त्याच जागा आधी धरतात, कारण चुरा तेथे साचतो आणि घामाने चिकटून राहतो.

खात्री करण्यासाठी त्वचारोग विभागात पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवून नंतर निकाल वाचला जातो. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा विभाग आहे, तुमच्या जवळ परभणीलाही आता शासकीय महाविद्यालय झाले आहे. जाण्यापूर्वी पॅच टेस्टची सोय आहे का आणि ती कोणत्या दिवशी होते याची चौकशी करावी. तेथील डॉक्टर लावण्याची मलमे देतील, आणि आजार जुना व पसरलेला असेल तर स्टेरॉइडवाचून तो आवरण्यासाठी वेगळ्या गोळ्याही आहेत, ज्या नियमित रक्ततपासणी करतच घ्याव्या लागतात. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने ट्यूब आणून तोंडाला लावणे मात्र आजपासून थांबवावे. स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ती स्वस्त मलमे चेहऱ्याची कातडी पातळ करतात, आणि मूळचा आजार गजकर्ण असेल तर तो दडपून आतल्या आत पसरवतात.

औषधाइतकेच महत्त्वाचे आहे ते गवत. सध्या श्रावण चालू आहे, जमीन ओली आहे आणि बरीच झाडे अजून फुलावर आलेली नाहीत. उपटण्याची हीच वेळ आहे, कारण एकदा पांढरी फुले धरली की एकेक झाड हजारो बिया टाकते. हे काम यजमानांनी करू नये. ज्यांना त्रास नाही त्यांनीही हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडके बांधूनच करावे, कारण वारंवार संपर्क येऊन आज बऱ्या असलेल्या माणसालाही पुढे ही ॲलर्जी होऊ शकते. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत निर्मूलनाचा आठवडा पाळला जातो आणि त्या वेळी शाळेतील लेकरांना मोकळ्या हातांनी हे गवत उपटायला लावलेले मी पाहिले आहे. असे करू नये, हे मुख्याध्यापकांना तुम्ही आग्रहाने सांगावे. उपटलेल्या गवताचा ढीग पेटवूही नये. धुराबरोबर त्रास गावात पसरतो. या गवताची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे पावसाळ्यात आपल्याकडे दिसतात. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा लहानसा किडा मित्र आहे, त्याच्यावर फवारणी करू नये. तो कसा सोडावा आणि कोठून मिळेल याची चौकशी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात करता येईल. यजमानांनी शेतातून आल्यावर घरात शिरण्याआधी कपडे बदलावेत, साध्या पाण्याने तोंड, मान व हात धुवावेत आणि त्यांचे कपडे गवतावर किंवा कुंपणावर वाळत घालू नयेत.

तुमच्या मुलाची ॲलर्जी निराळ्या जातीची आहे. यजमानांच्या त्वचेत संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी दाह उसळतो. मुलाच्या नाकात मात्र नको असलेला कण शिरला की काही मिनिटांतच हिस्टामिन नावाचा पदार्थ सुटतो आणि शिंका, पाणी व खाज सुरू होते. सकाळी अंथरुणातच शिंकांची माळ लागते याचा अर्थ कारण बहुधा अंथरुणातच आहे. आपल्या शरीरावरून गळणाऱ्या कोंड्यावर जगणारे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे धुळीतले किडे गाद्या-उशांमध्ये राहतात आणि त्यांची विष्ठा नाकात जाऊन ॲलर्जी होते. हवेतील ओलाव्यावर ते जगतात, म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते कमी होतात आणि पावसाळ्यात वाढतात. तुमच्या घरी मुलाच्या अंगाखाली बहुधा वाकळ असेल. आजीच्या लुगड्यांचे आठ-दहा पदर एकावर एक टाकून शिवलेली ती वाकळ किती मायेची असते हे मला ठाऊक आहे, पण ती जड असल्यामुळे वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या आधी नदीवर धुतली जाते, आणि मधल्या काळात तिच्या पदरांत साचलेली धूळ लेकरू रात्रभर श्वासाबरोबर घेत राहते. वाकळ टाकून देण्याची गरज नाही. तिला चारही बाजूंनी बंद होणारी जाड, घट्ट विणीच्या कापडाची खोळ शिवावी, ती खोळ आणि उशीचा अभ्रा दर आठवड्याला चटका बसेल इतक्या गरम, म्हणजे साधारण 60 अंशांच्या पाण्यात काढावा, आणि ऊन पडेल त्या दिवशी वाकळ बाहेर कडक वाळवून लेकरू शाळेत असताना झटकावी. झोपण्याच्या खोलीत धान्याची पोती, कापूस किंवा सरकी साठवू नये. मच्छर अगरबत्ती आणि चुलीचा धूरही नाकाला भडकवतो. मच्छरदाणी लावणे बरे.

औषधांत अशा नाकासाठी सर्वांत उपयोगी ठरतो तो रोज मारायचा स्टेरॉइडचा नाकातला फवारा. सुईला विरोध करून मी स्टेरॉइडच सुचवतो आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. हिशेब पाहा. फ्लुटिकासोनच्या एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम औषध असते आणि त्यातले रक्तात अगदी थोडे पोहोचते. डेक्सामेथासोनच्या 2 मिलिलिटरच्या कुपीत 8 मिलिग्रॅम, म्हणजे 8,000 मायक्रोग्रॅम औषध असते आणि ते सगळे शरीरभर जाते. दोन्ही औषधे वेगळी आहेत, त्यामुळे आकडे थेट तोलता येत नाहीत, पण अंतर किती आहे हे कळते. फवारा सुईसारखा त्याच रात्री गुण देत नाही. पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि बहुतेक घरांत तो चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून फळीवर ठेवला जातो. तुमच्याकडे सोयाबीन काढणीला अजून सहाएक आठवडे आहेत. बालरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना आताच दाखवले, तर हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, गावात येईपर्यंत मुलाचे नाक तयार झालेले असेल.

फवारा मारण्याची रीत चुकली तर औषध वाया जाते, म्हणून ती सांगतो. आधी नाक शिंकरून साफ करावे, बाटली हलवावी, मान किंचित पुढे झुकवावी. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने बाटली धरावी, म्हणजे तिचे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळते. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर नाकातून रक्त येते. दाबताना हलका श्वास घ्यावा. जोरात ओढले की औषध घशात उतरते.

शिंकांसाठी सेटिरिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन यांपैकी एखादी गोळी वयाप्रमाणे डॉक्टर देतील. जुन्या पद्धतीच्या क्लोरफेनिरामिनने फार गुंगी येते. मोठ्या माणसाने ती घेऊन ट्रॅक्टर चालवणे किंवा हडंब्यात पेंढ्या लोटणे जिवावर बेतू शकते, आणि सेटिरिझिननेही काहींना झोप येते. माँटेलुकास्ट असलेली जोडगोळी दिली असेल आणि लेकरू चिडचिडे झाले, झोपेत दचकू लागले किंवा उदास दिसू लागले, तर ते डॉक्टरांना लगेच सांगावे. तो त्या औषधाचा परिणाम असू शकतो. बंद नाक क्षणात मोकळे करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत, कारण त्यानंतर नाक त्या थेंबांमुळेच बंद राहू लागते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे चांगले, परंतु पाणी उकळून थंड केलेलेच हवे. बोअरचे किंवा हौदातील पाणी तसेच वापरू नये.

सोयाबीनच्या धुळीबद्दलची तुमची शंका अगदी बरोबर आहे. स्पेनमधील बार्सिलोना शहरात 1981 ते 1987 या काळात 26 दिवस असे आले की अचानक अनेक माणसे दम लागून रुग्णालयांत धावली. शोध घेतला तेव्हा त्या दिवशी बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवले जात होते असे आढळले. कोठारांना धूळ अडवणारी गाळणी बसवल्यावर त्या साथी थांबल्या. दोष सोयाबीनच्या सालीच्या धुळीचा होता, आणि हडंब्यातून उडणाऱ्या गुळीत, म्हणजे भुशात, तीच साल बारीक होऊन असते. म्हणून तुमची बनीम, म्हणजे कापलेल्या सोयाबीनची गंजी, ज्या दिवशी मळायची त्या दिवशी, आणि शेजाऱ्यांचीही, मुलाला वारा जिकडून येतो त्या बाजूला, शक्य असेल तर दुसऱ्या वाडीवर मामाकडे ठेवावे. हडंबा घराच्या अंगणात लावू नये. यंत्रापाशी काम करणाऱ्यांनी नाकाभोवती घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरावा. तोंडाला बांधलेल्या उपरण्यातून बारीक धूळ सहज आत जाते.

छातीत शिट्टी वाजते, हे मात्र नाकापुरते राहिलेले नाही. नाक आणि छाती ही एकच वाट आहे, आणि रात्रीचा खोकला व शिट्टी ही दम्याची सुरुवात असू शकते. 'बाळदमा आहे, वयात आला की जाईल' म्हणून वाट पाहत बसू नये. डॉक्टरांनी पंप सुचवला तर घाबरू नये. दम मोकळा करणाऱ्या सालब्युटामॉलच्या एका गोळीत 4 मिलिग्रॅम औषध असते, पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांइतके औषध पोटातून अंगभर फिरते आणि हातपाय थरथरतात. पंपाची सवय लागते ही समजूत आपल्या भागातील अनेक लेकरांना महागात पडली आहे. पंपाला स्पेसर नावाची प्लास्टिकची नळी जोडावी, म्हणजे औषध घशाला न चिकटता छातीत उतरते. मुलाच्या बरगड्या श्वासाबरोबर आत ओढल्या जात असतील, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर वाट न पाहता 108 ला फोन करावा.

दही आणि केळी यांच्याबद्दल आत्याबाईंना दुखवू नका, पण बंदही करू नका. खाण्याची खरी ॲलर्जी असेल तर तो पदार्थ खाल्ल्यावर बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत ओठ सुजतात, अंगावर गांधी येतात, उलटी होते, आणि दर वेळी त्याच पदार्थाने होते. असे तुमच्या मुलाला कधी झाल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. वाढत्या लेकराचे दूध-दही तोडून त्याच्या शिंका थांबत नाहीत. पाच हजारांच्या पॅकेजलाही माझा नकार आहे. शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या त्या तपासणीत एखादा आकडा वाढलेला दिसला म्हणजे त्या पदार्थाची ॲलर्जी आहे असे होत नाही, आणि अशी यादी हातात घेऊन घराने गहू, शेंगदाणे, डाळी सोडल्याचे मी पाहिले आहे. तपासणी हवीच असेल तर तज्ज्ञ आधी सगळी हकीकत ऐकून मोजक्याच कणांची, हातावर बारीक टोचून त्वचेची चाचणी करतात. तिच्या आधी आठवडाभर सेटिरिझिनसारख्या गोळ्या त्यांच्या सल्ल्याने थांबवाव्या लागतात.

राहिले तुमच्या अंगावरचे पित्त. नावात पित्त असले तरी त्याचा पोटातील आम्लाशी संबंध नाही. त्या हिस्टामिनच्या गांधी आहेत. आमसूल चोळल्याने गार वाटते, ते खुशाल करा, पण उपाय गुंगी न आणणारी ॲलर्जीची गोळीच आहे, आणि सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ त्या उठत राहिल्या तर डॉक्टरांना दाखवावे. दुखण्यावरची एखादी गोळी घेतल्यावर त्या उठतात का, हे लक्षात ठेवावे. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, अथवा औषध घेतल्यावर, गांधींबरोबर घसा आवळणे, धाप लागणे किंवा चक्कर येणे असे झाले, तर ते अंगावर काढण्याचे दुखणे नाही. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, धाप लागली असेल तर टेकून बसवावे, उभे करून चालवू नये, आणि जेथे मांडीत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे. ही एकच सुई आहे जी मी उशीर न करता घ्यायला सांगेन.

परभणीला जाताना आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि जमल्यास त्या इंजेक्शनचे नाव बरोबर घ्यावे. गावातील डॉक्टरांना 'कुपीवरचे नाव लिहून द्या' असे विचारण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. यजमानांची त्वचा तपासणीच्या दिवशी शांत असू शकते, म्हणून ती चिघळेल त्या दिवशी पापण्यांचे आणि मानेचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लेकराच्या शिंकांच्या आणि शिट्टीच्या दिवशी खूण करावी, आणि त्या दिवशी शेतात किंवा घरात कोणते काम झाले ते बाजूला दोन शब्दांत लिहावे. रक्ताच्या त्या पॅकेजपेक्षा हा कागद डॉक्टरांना जास्त उपयोगी पडेल.